मेकॅनिकल मॉडची देखभाल आणि दुरुस्ती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे ब्रिटन, अमेरिका यांसारख्या, व्हेपिंगला कायद्याने परवानगी असलेल्या देशांत राहणाऱ्या, तेथील वयाची अट पूर्ण केलेल्या आणि स्वतः कॉइल (तापणाऱ्या तारेचे वेटोळे) बांधून मेकॅनिकल मॉड वापरणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहेत. सिगारेट सोडण्यासाठी व्हेपिंगकडे वळलेल्यांना ती उपयोगी पडतील. जो मुळात धूम्रपानच करत नाही, त्याने हा नाद लावून घेण्याचे काहीही कारण नाही.

मेकॅनिकल मॉड म्हणजे नेमके काय, आणि त्याच्या देखभालीचा एवढा बाऊ कशासाठी?

मेकॅनिकल मॉड ही रचनेने जुन्या विजेरीसारखी वस्तू आहे : धातूची पोकळ नळी, आत एक लिथियम-आयन बॅटरी, तळाशी दाबायचे बटण आणि वर अ‍ॅटोमायझर, म्हणजे कॉइलने लिक्विड तापवून वाफ करणारा भाग. बटण दाबले की बॅटरीचा ऋण भाग नळीला जोडला जातो, मंडल पूर्ण होते आणि बॅटरीत असेल तेवढा सगळा विद्युतदाब (व्होल्टेज) थेट कॉइलवर येतो. साध्या, म्हणजे रेग्युलेटेड मॉडमध्ये एक इलेक्ट्रॉनिक पाटी असते. कॉइल शॉर्ट झाली, बॅटरी उतरली किंवा बटण फार वेळ दाबलेले राहिले, तर ती पाटी पुरवठा तोडते. मेकॅनिकल मॉडमध्ये असे काहीच नसते. म्हणून इथे सफाई, मोजमाप आणि डोळ्यांनी केलेली पाहणी हीच सुरक्षा-यंत्रणा आहे. मे २०१८ मध्ये फ्लोरिडातील सेंट पीटर्सबर्ग येथे आणि जानेवारी २०१९ मध्ये टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे व्हेप उपकरणाचा स्फोट होऊन एकेक माणूस दगावला; त्यानंतर तरी हा बाऊ वाटू नये.

हे उपकरण भारतात वापरता येईल का? सुट्टीत गावी येताना सोबत आणले तर चालते का?

नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये आधी अध्यादेशाने आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायद्याने भारतात इलेक्ट्रॉनिक सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी घालण्यात आली. साठवण वगळता बाकी बाबतींत पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. पुण्या-मुंबईत काही ठिकाणी या वस्तू चोरून मिळतात, यावरून त्या चालतात असा अर्थ काढू नये. सिंगापूरमध्ये तर २०१८ पासून उपकरण नुसते जवळ बाळगणेही गुन्हा आहे, त्यामुळे तेथून विमान बदलणाऱ्यांनीही विचार करावा. मॉड घरी ठेवून यावा, हे उत्तम.

बॅटरी निवडताना काय पाहावे?

सर्वसाधारणपणे १८६५० आकाराची, म्हणजे सुमारे १८ मिलिमीटर व्यासाची आणि ६५ मिलिमीटर लांबीची, अथवा तिच्याहून मोठी २१७०० आकाराची बॅटरी वापरली जाते. दुकानात सर्वांची नजर मिलिअँपिअर-तासांच्या, म्हणजे साठवणीच्या, आकड्याकडे जाते. मेकॅनिकल मॉडसाठी त्याहून महत्त्वाचा आकडा म्हणजे बॅटरी सतत किती अँपिअर विद्युतधारा देऊ शकते, हा. सॅमसंगची २५आर ही २५०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी २० अँपिअरची आहे, तर त्याच कंपनीच्या ३०क्यू या ३००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीची मर्यादा १५ अँपिअर आहे. एकाच पिढीच्या बॅटऱ्यांत साठवण वाढली की धारा देण्याची ताकद बहुधा घटते. वेष्टनावर ‘पल्स’ या नावाने छापलेला मोठा आकडा हिशोबात धरू नये, कारण तो क्षणभराचा असतो आणि तो मोजण्याची एकच एक पद्धत ठरलेली नाही.

१८६५० आकारात ५००० किंवा ९९०० मिलिअँपिअर-तास असा दावा दिसला, तर ती बॅटरी खोटी समजावी. एक गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत : मोठे उत्पादक हे सुट्टे सेल यंत्रांच्या आणि बॅटरी-पॅकच्या कारखान्यांसाठी बनवतात, आणि ते व्हेपसाठी वापरू नयेत असे त्यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितलेले आहे. म्हणजे काही बरेवाईट झाले, तर जबाबदारी वापरणाऱ्याची.

कॉइलचा रोध किती असावा? हिशोब कसा करायचा?

ओहमचा नियम शाळेत सर्वांनी शिकलेला असतो : दाबाला रोधाने भागले की धारा मिळते. पूर्ण भरलेल्या बॅटरीचा दाब ४.२ व्होल्ट असतो आणि हिशोब नेहमी त्याच आकड्याने करावा. बॅटरीवर ३.७ छापलेले असते म्हणून ३.७ ने भागाकार करणारे लोक स्वतःच्या सोयीचे उत्तर काढत असतात. ०.५ ओहमच्या कॉइलला ८.४ अँपिअर लागतात, ०.३ ला १४, ०.२ ला २१ आणि ०.१५ ला २८. म्हणजे ०.२ ओहमलाच २० अँपिअरची बॅटरी तिच्या मर्यादेबाहेर गेली.

प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. २४ गेजच्या, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीच्या कँथल ए-१ तारेचा रोध मीटरमागे साधारण ७ ओहम असतो. ३ मिलिमीटरच्या सळईवर तिचे सहा वेढे घेतले आणि दोन्ही पाय धरून एक सेंटिमीटर तार जादा मोजली, तर एकूण साडेसात सेंटिमीटरच्या आसपास तार लागते, आणि एका कॉइलचा रोध सुमारे ०.५४ ओहम येतो. डेकवर (अ‍ॅटोमायझरमधल्या कॉइल बसवायच्या तळावर) अशा दोन कॉइल समांतर बसवल्या की तो निम्मा होऊन ०.२७ वर उतरतो. ४.२ ला ०.२७ ने भागले की साडेपंधरा अँपिअर. हीच जोडी २५आर बॅटरीवर मर्यादेत आहे आणि ३०क्यू बॅटरीवर मर्यादेबाहेर! एकेक वेढा वाढवून सात केले, तर जोडीचा रोध ०.३१ च्या आसपास जातो आणि धारा साडेतेरा अँपिअरवर येते. बॅटरीच्या मर्यादेच्या तीन-चतुर्थांशापर्यंतच जावे, असे माझे मत आहे, कारण बॅटरी जुनी होते तशी तिची ताकद घटते आणि वेष्टनावरचा आकडा मात्र तसाच राहतो. या हिशोबाने सात वेढ्यांची जोडी २५आर साठी ठीक आहे. ३०क्यू वापरायची असेल, तर एकच कॉइल बांधावी.

रोध साध्या मल्टिमीटरने मोजला तर चालेल का?

चालणार नाही. मल्टिमीटरच्या वायरींचा स्वतःचाच रोध ०.१ ते ०.३ ओहमच्या घरात असू शकतो आणि आपल्याला जे मोजायचे आहे, तेही त्याच घरातले आहे. अ‍ॅटोमायझर ज्यावर फिरवून बसवता येतो असे छोटे ओहम मीटर घ्यावे, किंवा एखाद्या रेग्युलेटेड मॉडवर बसवून त्याच्या पडद्यावरचा आकडा वाचावा. नवी कॉइल बांधल्यावर, लिक्विड शोषून धरणारा कापूस तिच्यात घालण्याआधी आणि घातल्यानंतर, अशी दोनदा मोजणी करावी. कापूस भरताना कॉइलचा पाय सरकून डेकच्या कडेला टेकतो, आणि ही गोष्ट डोळ्यांना सहज दिसत नाही.

मोजताना आकडा सारखा हलतो. कॉइल वापरावी का?

आकडा स्थिर होईपर्यंत वापरू नये. पहिला संशय डेकवरच्या सैल स्क्रूवर घ्यावा, दुसरा कडेला टेकलेल्या पायावर, आणि तिसरा अ‍ॅटोमायझरच्या मधल्या खिळीभोवती असलेल्या उष्णतारोधक कड्यावर. हे कडे फार तापून वितळले असेल, तर मधला खांब आणि डेक एकमेकांना टेकू शकतात. ते बदलून मिळत नसेल, तर त्या अ‍ॅटोमायझरचा मोह सोडावा.

‘हायब्रिड’ टोपी असलेल्या मॉडबद्दल वेगळी काळजी का घ्यायला सांगतात?

कारण सगळ्यांत गंभीर अपघाताची वाट इथूनच जाते. हायब्रिड रचनेत मॉडला वरच्या बाजूला स्वतःची वेगळी खिळी नसते. अ‍ॅटोमायझरची मधली खिळी थेट बॅटरीच्या धन टोकावर टेकते. ही खिळी भोवतालच्या आट्यांच्या कडेपेक्षा स्पष्टपणे बाहेर आलेली असेल, तरच धन टोकाला फक्त खिळी लागते. ती आत दबलेली, सपाट किंवा स्प्रिंगवर मागे सरकणारी असेल, तर आट्यांची धातूची कडच धन टोकावर बसते, ती कड नळीला जोडलेली असते, आणि बटण दाबताक्षणी थेट शॉर्ट होतो. बाजारातल्या बहुतेक आयत्या टाक्यांची, म्हणजे लिक्विड साठवणाऱ्या तयार अ‍ॅटोमायझरांची, खिळी हायब्रिडला योग्य नसते. प्रत्येक वेळी अ‍ॅटोमायझर डोळ्यांसमोर आडवा धरून पाहावा; खिळी उठून दिसत नसेल, तर तो हायब्रिडवर बसवू नये.

बॅटरीचे वेष्टन थोडे फाटले आहे. तेवढ्याने काय होते?

बॅटरीचा धन भाग म्हणजे फक्त वरची छोटी टोपी. तळापासून थेट वरच्या खांद्यापर्यंतचा बाकीचा सगळा डबा ऋण असतो. धन टोकाकडून उजेडात पाहिले, तर प्लास्टिकच्या कडेखाली एक कागदी कडे दिसते. टोपी आणि डब्याचा खांदा यांच्यामधला अडसर म्हणजे ते कडे आणि वरचे केसाएवढे पातळ प्लास्टिक, बस. तिथे टाचणीएवढा छेद असला, तरी नळीच्या आत शॉर्ट होऊ शकतो. नवी वेष्टने आणि कडी स्वस्तात मिळतात, आणि केस वाळवायच्या ड्रायरच्या गरम हवेने ती आक्रसून घट्ट बसतात. मात्र डबाच चेपला असेल, गंजला असेल किंवा बॅटरी कधी पडून टोपी वाकडी झाली असेल, तर वेष्टन बदलून उपयोग नाही; ती बॅटरी बाद करावी.

खिशात किल्ल्या आणि सुट्ट्या नाण्यांबरोबर बॅटरी टाकणे हा याच शॉर्टचा दुसरा प्रकार आहे. मांडीला भाजल्याच्या कित्येक घटना अशाच घडल्या आहेत. प्लास्टिकची डबी सोबत ठेवावी.

बटण दाबले तरी काहीच होत नाही.

आधी बटणाचे कुलूप-कडे फिरवलेले नाही ना, ते पाहावे. निम्म्या तक्रारी इथेच संपतात. मग बॅटरीचा दाब मोजावा, आणि या कामाला साधा मल्टिमीटर पुरेसा आहे. बॅटरी ठीक असेल, तर ती नळीत खुळखुळते का ते पाहावे. खुळखुळत असेल, तर एखादी खिळी टेकत नाही, आणि ती स्क्रूने थोडी बाहेर घ्यावी लागेल. त्यानंतर डेकवरचे स्क्रू, आणि शेवटी संपर्काच्या जागांवर साचलेला लिक्विडचा चिकट थर.

वाफ पूर्वीसारखी येत नाही आणि बटण गरम होते.

ही दोन्ही एकाच दुखण्याची लक्षणे आहेत. वाटेत कुठेतरी रोध वाढला आहे; जी उष्णता कॉइलवर व्हायची, तिचा काही भाग त्या जागी खर्च होतो आहे. संपर्काच्या जागा काळवंडल्या असतील, आट्यांत मळ असेल किंवा बटणाखालची स्प्रिंग मऊ पडली असेल. धारा स्प्रिंगमधूनच जात असेल, तर ती तापते, एकदा तापली की तिचा ताण जातो, आणि ताण गेला की संपर्क आणखी ढिला होऊन ती अधिकच तापते. अशी स्प्रिंग ताणून पुन्हा बसवू नये, नवी घालावी. चुंबकाच्या बटणात हा त्रास कमी असतो, पण फार तापल्यास चुंबकही दुबळे होतात.

बटणाऐवजी बॅटरी किंवा सगळी नळीच गरम होत असेल, तर मामला वेगळा आहे : कॉइल बॅटरीच्या मानाने फार कमी रोधाची आहे. वापर तिथेच थांबवून रोध पुन्हा मोजावा.

बटण सोडले तरी कॉइल तापतच राहिली, तर काय करावे?

मॉड हातात धरण्याइतका थंड असेल, तर ताबडतोब अ‍ॅटोमायझर किंवा तळाचे बटण आटे उलटे फिरवून काढावे, म्हणजे मंडल तुटेल. तो हाताला चटका देत असेल, सुसू आवाज येत असेल किंवा गोडसर रासायनिक वास येत असेल, तर बॅटरी बाहेर काढण्याच्या फंदात पडू नये. शक्य असल्यास तो फरशीवर वा मोकळ्या जागेत ठेवून लांब व्हावे, आणि आग लागल्यास अग्निशमन दलाला बोलवावे. नळीला वायू बाहेर जाण्यासाठी ठेवलेली भोके असतात. ती मळाने बुजलेली नाहीत, एवढी खात्री प्रत्येक सफाईच्या वेळी करावी. भोके नसलेला मॉड दिसायला कितीही देखणा असला, तरी घेऊ नये.

बटण तळाशी असलेला मॉड टेबलावर उभा ठेवला, तर स्वतःच्या वजनानेच बटण दाबले जाऊ शकते. ठेवताना कुलूप लावून आडवा ठेवावा, आणि रात्री बॅटरी काढून ठेवावी.

कॉइल एका बाजूने आधी लाल होते.

कोरड्या कॉइलवर अगदी थोडा वेळ बटण दाबले की ती मधून बाहेर अशी सारखी तापली पाहिजे. एखादाच वेढा झगझगत असेल, तर सिरॅमिकच्या चिमट्याने वेढ्यांवरून हलकेच खरवडत जावे, कॉइल गरम असताना बटण सोडून ती दोन्हीकडून दाबावी, आणि हे क्रमाने करत राहावे. धातूचा चिमटा धारा चालू असताना कॉइलला लावू नये. हे सगळे काम रेग्युलेटेड मॉडवर कमी शक्तीला करणे केव्हाही सोयीचे. आणि मेकॅनिकल मॉडसाठी कँथल, नायक्रोम किंवा एसएस ३१६एल (स्टेनलेस स्टील) तारच वापरावी. शुद्ध निकेल आणि टायटॅनियमच्या तारा तापमान-नियंत्रण असलेल्या मॉडसाठी आहेत, इथे त्यांना जागा नाही.

करपलेली चव येते, घसा जळतो.

कापूस कोरडा पडला आहे. तो वेढ्यांत फार दाबून भरला असेल, तर लिक्विड आत झिरपत नाही. फार सैल असेल, तर तार त्याला नीट टेकत नाही. आत ओढताना किंचित अडखळेल पण कॉइल वाकणार नाही, इतका भरावा. एकदा करपलेला कापूस पुन्हा भिजवून चव परत येत नाही, तो फेकून द्यावा. आरडीएमध्ये, म्हणजे कापसावर थेट थेंब टाकून वापरायच्या अ‍ॅटोमायझरमध्ये, लिक्विड किती उरले हे बाहेरून दिसत नसल्याने वाफेची चव किंचित पातळ झाली की थांबून थेंब टाकण्याची सवय लावून घ्यावी.

हवेच्या भोकांतून लिक्विड गळते.

बहुतेक वेळा ते जास्त टाकलेले असते. नाही तर कापसाची टोके आखूड कापलेली असतात आणि लिक्विड डेकच्या कुंडात सुटे राहते. हे गळलेले लिक्विड खाली खिळीपर्यंत उतरते, म्हणून गळती थांबवल्यावर संपर्काच्या जागा पुसणे विसरू नये.

सफाई किती वेळा आणि कशाने करावी?

रोज वापर असेल, तर संपर्काच्या जागा आणि आटे आठवड्यातून एकदा कोरड्या कापडाने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसावेत. महिन्यातून एकदा बॅटरी बाजूला ठेवून सगळे भाग सुटे करावेत, रबरी कडी आणि उष्णतारोधक भाग काढून घ्यावेत, आणि धातूचे भाग कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने, जुन्या टूथब्रशने घासावेत. आट्यांतून काळे पाणी येणे बंद होईपर्यंत घासत राहावे. जोडण्यापूर्वी भाग पूर्ण वाळले पाहिजेत. आट्यांच्या तळाशी राहिलेला पाण्याचा थेंब फुंकून जात नाही, रात्रभर ठेवावा लागतो.

तांब्या-पितळेचे मॉड काळवंडतात, आणि आपल्या लोकांचा हात लगेच चिंच-मिठाकडे किंवा पितांबरीकडे जातो. बाहेरच्या पृष्ठभागाला दोन्ही चालतात, फक्त दोन पथ्ये पाळावीत. पूड आट्यांत जाऊ देऊ नये, कारण तिचे कण आटे कुरतडतात. आणि पितळ आंबटात भिजत ठेवू नये. जस्त निघून जाऊन त्यावर लालसर डाग पडतात, ते पुन्हा घासून काढावे लागतात. लगेच धुऊन कोरडे करावे. बाहेरचा काळपटपणा निव्वळ शोभेचा प्रश्न आहे, काहींना तो आवडतोही; संपर्काच्या जागेवरचा काळपटपणा मात्र काढलाच पाहिजे. तिथे पेन्सिलचे खोडरबर उत्तम काम करते. चांदीचा मुलामा दिलेल्या खिळीला पॉलिश-पेपर लावू नये, दोन हातांतच मुलामा निघून जातो.

बॅटरी कधी काढून चार्ज करावी?

मॉड स्वतःहून बंद पडणार नाही, म्हणून वाफ मंदावल्याचे जाणवले की बॅटरी काढावी. मोजून पाहिल्यास ती साधारण ३.५ व्होल्टच्या आसपास असते. ती २.५ च्या खाली गेली असेल, तर पुन्हा भरण्याच्या भानगडीत पडू नये. चार्जर चांगल्या प्रतीचा, स्वतंत्र आणि प्रत्येक बॅटरीचा दाब दाखवणारा असावा, आणि घरात कोणी जागे असतानाच लावावा.

एकावर एक दोन बॅटऱ्या बसणारा मॉड घ्यावा का?

घेऊ नये. दाब ८.४ व्होल्टवर जातो, त्याच कॉइलला दुप्पट धारा आणि चौपट शक्ती मिळते, आणि दोन बॅटऱ्या सारख्या उतरलेल्या नसतील, तर दुबळी बॅटरी उलटी चार्ज होण्याचा धोका असतो. यात मिळते ती फक्त फुशारकी.

विमानात नेण्याचे नियम काय आहेत?

जिथून आणि जिथे जात आहात, त्या दोन्ही देशांत परवानगी असेल, तरच हा प्रश्न उद्भवतो. मॉड आणि सुट्ट्या बॅटऱ्या हातातल्या सामानातच न्याव्या लागतात. चेक-इन बॅगेत ठेवता येत नाहीत, आणि विमानात त्या चार्ज करता येत नाहीत. बॅटरी मॉडमधून काढून डबीत ठेवावी.

जुन्या बॅटऱ्यांचे काय करावे?

घरच्या कचऱ्यात टाकू नयेत, कारण कचऱ्याच्या गाडीत दाबल्या गेल्यावर त्या पेट घेतात. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून त्या बॅटरी-संकलन पेटीत टाकाव्यात. ब्रिटनमध्ये वर्षाला ३२ किलो किंवा त्याहून जास्त सुट्ट्या बॅटऱ्या विकणाऱ्या दुकानांना जुन्या बॅटऱ्या परत घेणे बंधनकारक आहे, त्यामुळे बहुतेक सुपरमार्केटांच्या दाराशी अशी पेटी असते. अमेरिकेत हार्डवेअरच्या मोठ्या दुकानांत चौकशी करावी.